पेठेतला रस्ता आणि दुकानाची पायरी

कोल्हापुरातील पेठांमधल्या दुकानांच्या रस्त्यांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून त्यांतला प्रश्न तेवढा छापला आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : शुक्रवार पेठेत आमचे आजोबांच्या वेळचे दुमजली घर आहे. रस्त्याकडच्या ४० फुटांत चार गाळे असून किराणा, शिंपी, वह्या-पुस्तके आणि पिठाची गिरणी असे चार जुने भाडेकरू आहेत. घर पाडून नवे बांधायचे ठरले आहे. बिल्डरने दिलेल्या आराखड्यात तळमजल्यावर पूर्ण पार्किंग, पहिल्या मजल्यावर एकच मोठी शोरूम आणि भाडेकरूंना मागच्या बाजूस जागा आहे. वडील म्हणतात, असे केल्यास रस्ता मरेल. मला ही केवळ भावना वाटते. आपले मत काय?

उत्तर : आपल्या वडिलांचे म्हणणे मोजून दाखवता येते, म्हणून त्याला केवळ भावना म्हणू नये. दुकाने पाहत चालणारा माणूस सेकंदाला साधारण ४ फूट पुढे सरकतो, म्हणजे आपल्या घरासमोरून जायला त्याला १० सेकंद लागतात. आज या १० सेकंदांत त्याच्या डोळ्यांपुढून चार दारे, चार ओळखीचे चेहरे आणि चार तऱ्हांचा माल जातो. गिरणीतून ताज्या पिठाचा वास येतो, शिंप्याच्या दारात टांगलेले झंपर दिसतात, आणि आपल्याला वही घ्यायची होती हे त्याला चालता चालता आठवते. नव्या आराखड्यात तेवढ्याच वेळात त्याला खांब, उभ्या मोटारी आणि त्यांच्यामागचा अंधार दिसेल. एका घराने असे केले तर रस्ता ते सोसतो. मात्र आपले पाहून शेजारच्या तिघांनीही तसेच केले, तर १६० फूट चालूनही एक दार लागत नाही. मग माणसे पलीकडच्या बाजूने जाऊ लागतात, काही दिवसांनी गाडीवरूनच जाऊ लागतात, आणि पुढच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक त्याला कळायच्या आत तुटते. रस्ता मरतो तो असा, टप्प्याटप्प्याने.

४० फुटांचे एक दुकान आणि १०-१० फुटांची चार दुकाने यांचे क्षेत्रफळ सारखे असले, तरी रस्त्याच्या दृष्टीने त्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. अरुंद गाळ्याचे भाडे थोड्या भांडवलाच्या माणसाला झेपते, आणि पेठेत नवा धंदा सुरू होतो तो बहुधा अशाच गाळ्यात. चौघांच्या वेळा निरनिराळ्या असतात. गिरणी आणि किराणा सकाळी लवकर उघडतात, वह्या-पुस्तकांच्या दुकानात शाळा सुटताना गर्दी होते, शिंपी सणासुदीला रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसतो, आणि त्यामुळे दिवसाच्या कोणत्याही वेळी रस्त्यावर कोणाची तरी नजर असते. शाळेतून येणारे मूल, पत्ता विचारणारा पाहुणा, शेजारणीने ठेवायला दिलेली किल्ली, या सगळ्यांना ती नजर आधार देते. शोरूम सकाळी दहाला उघडते, रात्री शटर पडते आणि तिचा रस्त्याशी संबंध संपतो. शिवाय ती जिना चढून गाठायची असेल, तर ठरवून आलेलेच गिऱ्हाईक वर जाईल. सहज डोकावणारे जाणार नाही. आपल्या उत्पन्नाच्या दृष्टीनेही याचा विचार करावा, कारण एकुलती एक शोरूम रिकामी राहिली तर आपले सगळे भाडे एकदम थांबते, आणि चारांपैकी एक गाळा रिकामा राहिला तर पाऊण उत्पन्न चालू राहते.

आता करावे काय, ते सांगतो. दर्शनी ४० फुटांपैकी १० फूट मागे जाणाऱ्या वाटेला द्यावेत आणि वाहने मागे न्यावीत. उरलेल्या ३० फुटांत साडेसात-साडेसात फुटांचे चार गाळे बसतात. ते आजच्यापेक्षा अरुंद होतील, पण खोली वाढवून आणि वर पोटमाळा देऊन जागा भरून काढता येते; जुन्या पेठांतली कित्येक चांगली दुकाने याहून रुंद नाहीत. जोते रस्त्यापासून एका पायरीइतकेच उंच ठेवावे आणि त्या पायरीशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार द्यावा. पायरी आपल्या हद्दीत ठेवून ती चांगली दीड फूट रुंद करावी, म्हणजे तिच्यावर पिशवी टेकवता येते आणि गिरणीत नंबर लावलेल्या वृद्ध बाईला बसता येते. वरच्या बिऱ्हाडांच्या जिन्याचे दार मागे पार्किंगमध्ये नेऊ नये. ते रस्त्यावरच उघडावे, म्हणजे राहणारी माणसे रोज दुकानांसमोरून जातील. जुन्या घराच्या कमानी किंवा नक्षी नव्या भिंतीवर चिकटवण्याचा आग्रह मी धरणार नाही. घराचा चेहरा नवा असू द्यावा, दारे मात्र तेवढीच असावीत.

भाडेकरूंबाबत एक गोष्ट स्पष्ट लिहितो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्यानुसार भाडे दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढवता येते, आणि इमारत पाडून नवी बांधताना जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत जागा मिळण्याच्या हक्काचीही तरतूद त्यात आहे. गिरणीवाल्याला मागच्या बाजूस जागा देणे कागदोपत्री कदाचित पुरेसे ठरेल. त्याच्या धंद्यासाठी ते पुरेसे नाही. करार नोंदवून घ्यावा आणि प्रत्येकाचा गाळा नकाशावर दाखवून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. वकिलाचा सल्ला आराखडा मंजुरीला जाण्यापूर्वी घ्यावा.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते. येथे सर्व काही मिळते, तरीही महाद्वार रोडला गेल्यावर जे वाटते ते येथे वाटत नाही. हे केवळ अंबाबाईच्या देवळामुळे का?

उत्तर : देवळाचा वाटा मोठा आहे, पण तेवढेच कारण नाही. दोन्ही रस्ते वेगळ्या रीतीने घडले आहेत. मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेश आणि तिथून पंचगंगेचा घाट ही वाट पायांनी पाडलेली आहे. विसर्जनाची मिरवणूकही याच वाटेने जाते, हे आपण जाणताच. अशी वाट सरळ नसते. ती थोडी वळते, मध्येच अरुंद होते, आणि तिकटीपाशी, म्हणजे जिथे तीन रस्ते एकत्र येतात तिथे, समोरचे दुकान आपल्या नजरेला अडवते. चालणाऱ्याला एका वेळी थोडाच रस्ता दिसतो, म्हणून पुढे काय आहे याची ओढ राहते. माळकर तिकटी, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी ही नावे पत्ता सांगताना आपण इतक्या सहज घेतो, याचे कारण त्या जागा नजरेत बसतात.

राजारामपुरी ही आखलेली वसाहत आहे. सरळ मुख्य रस्ता, त्याला काटकोनात जाणाऱ्या आणि क्रमांक दिलेल्या गल्ल्या, पुढे मोकळी जागा सोडून बांधलेली घरे अशी तिची घडण आहे. क्रमांकांची सोय मला फार मोलाची वाटते, कारण परगावचा माणूसही आठवी गल्ली कोणाला न विचारता शोधू शकतो. पण घरे राहण्यासाठी होती आणि दुकाने नंतर आली, त्यामुळे दुकान आणि रस्ता यांच्यामध्ये कुठे पायऱ्या, कुठे फरशी, कुठे गटारावरची लादी आणि सर्वत्र दुचाक्या अशी एक पट्टी तयार झाली आहे, जिच्यावरून सलग चालता येत नाही. महाद्वार रोडला दुकानाची पायरी आणि वाट एकमेकींना चिकटून आहेत. आपल्याकडे त्यांची ताटातूट झाली आहे. एका गल्लीपासून दुसऱ्या गल्लीपर्यंतच्या दुकानदारांनी मिळून ही पट्टी एका पातळीत आणली, तर आपल्याला जाणवणारा फरक बराच कमी होईल.

आणखी एक गोष्ट आहे. जुन्या शहरात एकाच मालाची दुकाने शेजारी शेजारी बसली : गुजरीत सोन्या-चांदीची, शिवाजी चौकाजवळ चप्पल लाईन, लक्ष्मीपुरीत धान्याची. कोल्हापुरी साज घ्यायचा तर पाच पेढ्यांवर वजन, घडणावळ आणि मण्यांची ठेवण ताडून पाहता येते. चप्पल तर पायात घालून चार पावले चालल्याशिवाय कळतच नाही, आणि ती चार पावले माणूस रस्त्यावरच चालतो. तिथे रस्ता हाच दुकानाचा भाग असतो. राजारामपुरीत दुकाने मिसळलेली आहेत, जी रोजच्या गरजेला अधिक सोयीची आहेत. दोन्ही प्रकार शहराला लागतात, म्हणून राजारामपुरीने महाद्वार रोड होण्याची गरज नाही.

जुन्या रस्त्यावरील घरांची उंची हाही आपल्या प्रश्नाचाच एक भाग आहे. दोन-तीन मजल्यांच्या घरांमध्ये रस्ता दिवसाचा बराच वेळ सावलीत राहतो आणि वरच्या सज्जातला माणूस खालच्याला हाक मारू शकतो. महाद्वारापाशी तर उंचीला आणखी एक अर्थ आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास किरणोत्सवात मावळतीची किरणे पश्चिमेकडून याच दारातून आत जाऊन क्रमाने देवीच्या चरणांवर, मग वर आणि शेवटी मुखावर पोहोचतात. पश्चिमेच्या बाजूस एक मजला किंवा एक पाण्याची टाकी वाढली तरी त्या वाटेत अडथळा येतो, आणि असे अडथळे शोधून काढावे लागले आहेत. दुकानावर मजला चढवण्याचा प्रश्न फक्त मालकाचा नसतो, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्न : शाहूपुरीत आमचे किरकोळ विक्रीचे दुकान आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी आत आले. जोते ४ फुटांनी उंच करावे काय?

उत्तर : प्रथम भिंतीवरची पुराची खूण मोजावी. पाणी ५ फुटांपर्यंत आले असेल, तर ४ फुटांचे जोते पुरात बुडेलच आणि उरलेल्या सर्व दिवशी गिऱ्हाईकाला सात-आठ पायऱ्या चढायला लावेल. उंच जोते वखारीला शोभते, कारण तिथे माल गाडीच्या तळाशी सरळ लावता येतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या या व्यापारी पेठेत म्हणून ते आपल्याला परके वाटत नाही. पण किरकोळ दुकान पायरीवर चालते. शिवाय त्या पायऱ्या रस्त्यावर उतरल्या, तर चालणाऱ्याची वाट जाईल.

उंची दुकानाच्या आत घ्यावी. दारापासून पहिले ८-१० फूट रस्त्याच्या पातळीला ठेवावेत, तेथे फरशी आणि भिंती धुता येतील अशा असाव्यात, विजेची बटणे व जोडण्या पुराच्या खुणेच्या वर असाव्यात. त्यामागे आतल्या पायऱ्या चढून माल ठेवायचा मजला आणि त्याहून वर पोटमाळा असावा. सांडपाण्याच्या नळाला पाणी मागे येऊ न देणारी झडप बसवावी, कारण पूर अनेकदा दारातून येण्यापूर्वी मोरीतून येतो. जुन्या दुकानांना खाचेत सरकवायच्या, क्रमांक घातलेल्या लाकडी फळ्या असत. तशीच खाच दाराच्या दोन्ही बाजूंना ठेवून तीत रबरी पट्टी लावलेल्या फळ्या बसवता येतात. मात्र त्या फळ्यांनी माल वर चढवण्यापुरते काही तास मिळतात. अनेक दिवस साचून राहणाऱ्या महापुराला त्या थोपवणार नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर कोणीही आत थांबू नये.

प्रश्न : मंदिराच्या परिसरातील सर्व फेरीवाले हटवले, तर रस्ता मोकळा आणि सुंदर होणार नाही का?

उत्तर : मोकळा होईल, सुंदर होईलच असे नाही. ओटीचे सामान, गजरे, हळदी-कुंकू, हंगामातली फळे घेऊन बसणारी माणसे ज्या किमतीला माल देतात, तो गाळ्याचे भाडे भरून देता येत नाही. फेरीवाल्यांसाठीच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्याने आधी सर्वेक्षण, मग विक्रीचे प्रमाणपत्र आणि नेमून दिलेली जागा असा क्रम घातला आहे; शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असाव्यात, असेही त्यात आहे. हा क्रम सोडून केलेली कारवाई चार दिवस टिकते.

आपल्या पत्रातल्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे : नवरात्रात महाद्वारासमोर रुग्णवाहिकेची वाट कोणत्याही कारणाने अडता कामा नये. इतर दिवशी चालण्यासाठी किमान १.८ मीटर सलग पट्टी मोकळी राहील अशी रेषा फरशीवरच आखावी, आणि ती फेरीवाल्याइतकीच दुकानदाराच्या पुढे आलेल्या मालाला आणि लावलेल्या दुचाकीलाही लागू असावी. जिथे बंद भिंत आहे तिथे फेरीवाला बसल्याने रस्त्याला दार मिळते; जिथे दुकानाची पायरी आहे तिथे तिच्यापुढे त्याने बसू नये.

प्रश्न : आमच्या गल्लीतल्या सर्व दुकानांना एकसारखे फलक लावण्याची सूचना आली आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : फलकांची उंची आणि जागा एका ओळीत असावी, अक्षरे आणि रंग ज्याचे त्याने ठरवावेत. मराठी नाव देवनागरीत आणि इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावे, हा २०२२ पासून छोट्या दुकानांनाही लागू झालेला नियम पाळलाच पाहिजे. रंगाऱ्याने हाताने काढलेला जुना फलक असेल, तर तो उतरवू नये. नवा लावताना त्याची खालची कड पायरीपासून ८ फुटांवर ठेवावी, म्हणजे वरच्या सज्जाची खिडकी झाकली जात नाही आणि डोक्यावर टोपली घेतलेली बाई खालून सरळ जाऊ शकते.