ग्रुपचं 'केंद्र' की 'मध्य'?

प्रश्न असा आलाय की टोपॉलॉजिकल ग्रुपच्या सेंटरला मराठीत केंद्र म्हणायचं की मध्य, आणि पुस्तकात ते 'सी' सोडून 'झेड'ने का लिहितात. (ग्रुप म्हणजे अशा घटकांचा संच, ज्यात कुठलेही दोन घटक 'गुणता' येतात, म्हणजे एकामागून एक लावता येतात, आणि प्रत्येकाचं केलेलं पुसणारा उलटा घटकही असतो; टोपॉलॉजिकल म्हणजे त्यात जवळ-लांब, सलग सरकणं यालाही अर्थ असतो.) झेडचं सोपंय, जर्मन 'त्सेंट्रुम'चं ते पहिलं अक्षर.

मी तरी केंद्रच म्हणेन. मध्य म्हटलं की मधोमध असलेली जागा डोळ्यासमोर येते, आणि इथे मधोमध असं काही नसतंच. सेंटरमध्ये येतात ते ग्रुपमधले असे घटक, ज्यांना बाकी कुणाशीही गुणताना क्रम उलटा केला तरी उत्तर तेच येतं. आता सपाट कागदावरची फिरवाफिरवी घ्या, आधी ३० अंश मग ५० किंवा आधी ५० मग ३०, काही फरक पडत नाही, म्हणजे अख्खा ग्रुपच स्वतःचं सेंटर झाला, आणि ज्या बिंदूभोवती आपण फिरवतोय तो तर त्या ग्रुपमध्ये नाहीच! उलट त्रिमितीतल्या फिरवण्यांचा ग्रुपसुद्धा अनंतच, पण त्याच्या सेंटरमध्ये एकटाच घटक, काहीच न फिरवणारा.

मग केंद्र तरी का? तर हा शब्द मूळचा ग्रीक 'केंत्रोन', म्हणजे अणकुचीदार टोक, आणि त्यावरूनच कर्कटकाचं कागदात रोवलेलं टोक. तो संस्कृत ज्योतिषात आला (कुंडलीतली १, ४, ७, १० ही केंद्रस्थानं), आणि त्सेंट्रुमसुद्धा लॅटिनमार्गे त्याच शब्दातून आलाय, म्हणजे झेड आणि केंद्र एकाच घरचे. कर्कटकाची पेन्सिल फिरते, टोक जागचं हलत नाही. ग्रुपमध्येही 'जी एक्स जी-इन्व्हर्स' (एका बाजूने जी, दुसऱ्या बाजूने जीचा उलटा घटक असा गुणाकार) करून एक्सला फिरवून बघा, जी कुठलाही घ्या, केंद्रातला एक्स आहे तिथेच राहतो. मला हे फार आवडतं.

फक्त सेंट्रल सबग्रुपला (सबग्रुप म्हणजे ग्रुपच्या आतला ग्रुप) 'केंद्रीय उपगट' नको, ते दिल्लीतल्या समितीसारखं वाटतं, 'केंद्रस्थ उपगट' बरं, कारण तो केंद्रात बसलेला असतो. ग्रुप कनेक्टेड म्हणजे सलग असेल आणि त्यातल्या नॉर्मल (म्हणजे ज्यातला एक्स वरच्यासारखा फिरवला तरी उपगटातच राहतो अशा) उपगटाचे बिंदू सुटे सुटे असतील तर तो उपगट केंद्रस्थच असतो, कारण जी सलग बदलत नेला की जी एक्स जी-इन्व्हर्सनेही सलगच सरकायला हवं, पण उपगटाबाहेर जाता येत नाही आणि शेजारचा बिंदू उडी मारल्याशिवाय गाठता येत नाही, मग एक्सला हलायला जागाच उरत नाही.