जितके उपसले, तितके मुरवले?

प्रश्न : बाटलीबंद पाण्याच्या कंपन्या ‘उपसतो तितके पाणी जमिनीत मुरवतो’ असे सांगतात. हा दावा कितपत ग्राह्य धरावा?

उत्तर : हिशेब कागदावर जुळला तरी पाणी कोठे मुरवले हा प्रश्न उरतोच, कारण एका खोऱ्यातील पुनर्भरणाने दुसऱ्या खोऱ्यातील आटलेला झरा वाहू लागत नाही, शिवाय खोल जलधरातील (जमिनीखालील पाणी धरून ठेवणाऱ्या खडकाच्या थरातील) पाणी कित्येकदा शेकडो वर्षांपूर्वी मुरलेले असते, ते आज मुरवलेल्या पाण्याने लगेच भरून निघत नाही. शेतीच्या तुलनेत या उद्योगाचा एकूण उपसा थोडाच, हे मान्य. पण तो वर्षभर एकाच जागी चालत असल्याने झळ लगतच्या विहिरींना बसू शकते. म्हणून कंपनीकडे निरीक्षण-विहिरींच्या (भूजलाची पातळी मोजण्यासाठी राखलेल्या विहिरींच्या) पातळीच्या नोंदी मागाव्यात, आणि बाटल्या धुण्यात गेलेले पाणी उपशाच्या आकड्यात धरले आहे का (ते सोयीस्करपणे विसरले जाते), हेही विचारावे.