कीपॅड फोनवरचा सायलेंट हिल: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: सायलेंट हिल या हॉरर गेम मालिकेचे कन्सोलवरचे बरेच भाग खेळून झालेत, आत्ता कळलं की जुन्या कीपॅड फोनसाठी पण ऑर्फन नावाने याचे भाग आले होते. अँड्रॉइडवर जेटूएमई लोडर (जुने जावा गेम चालवणारं अ‍ॅप) टाकला, गेम चालू होतो पण चित्र एवढुसं दिसतं आणि मेनूत डावं बटण दाबलं की काहीच होत नाही. शिवाय एकाच गेमच्या चार-पाच जार फाइल्स (जावा गेम याच फाइलमधून येतो), कुठली घेऊ?

उत्तर: चार-पाच फाइल्स बघून गोंधळू नका, तेव्हा तसंच असायचं. जावा गेम म्हणे सगळ्या फोनवर चालणार, प्रत्यक्षात प्रत्येक स्क्रीनसाठी वेगळी जार बनवावी लागायची, म्हणून फाइलच्या नावात 128x160, 176x208, 240x320 असे आकडे दिसतात. 240x320 वाली घ्या, तिच्यात चित्रं सहसा सगळ्यात स्वच्छ असतात. मग लोडरच्या सेटिंगमध्ये स्क्रीन साइज पण तीच टाका आणि चित्र मोठं करताना लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहू द्या, उगाच फुल स्क्रीन ताणलं तर सगळी माणसं ताणलेली दिसतात आणि भीती गेली कामातून.

बटणाचं म्हणाल तर स्क्रीनखालच्या त्या दोन बटणांचे कोड कंपनीगणिक वेगळे होते. नोकियावर डावं बटण उणे 6, मोटोरोलावर उणे 21, सिमेन्सचं आणखी तिसरंच. तुम्ही मोटोरोलासाठीची फाइल उचलली असेल तर गेमला तुमचं बटण ऐकूच येणार नाही, त्यामुळे सेटिंगमध्ये की लेआउट बदलून बघा, नाहीतर सरळ नोकियावाली फाइल शोधा, ते सोपं.

प्रश्न: मी पहिला भाग थोडा खेळलो, नुसती स्थिर चित्रं आहेत हो, यात घाबरायचं कशाला? तिसराच भाग डायरेक्ट खेळला तर चालेल का?

उत्तर: नका, पहिल्यापासूनच खेळा. पहिला 2007 चा, दुसरा 2008, तिसरा 2010, आणि मूळ धागा पहिल्यातच आहे, ओसाड पडलेला अनाथाश्रम आणि तीस वर्षांपूर्वी तिथं झालेलं हत्याकांड.

आता स्थिर चित्रांचं. तेव्हाच्या फोनमध्ये जागाच नव्हती, आधीच्या काही नोकिया मॉडेलवर तर अख्खा गेम 64 केबीत कोंबावा लागायचा, 2007 पर्यंत मर्यादा बऱ्याच वाढल्या तरी कन्सोलसारखं थ्रीडी शहर फिरवणं बहुतेक फोनच्या आवाक्याबाहेरच होतं. म्हणून गेम बनवणाऱ्यांनी चालणंच काढून टाकलं. बटण दाबलं की तुम्ही थेट पुढच्या चित्रात, मधे दार उघडताना दिसत नाही की पावलं वाजत नाहीत, त्यामुळे पलीकडे काय आहे याचा अंदाज घ्यायला वेळच मिळत नाही. आणि मग तो कर्सर, अंधाऱ्या खोलीत इंचाइंचाने सरकवत एकेक वस्तू तपासायची, आणि राक्षस समोर आला की त्याच कर्सरने नेम धरायचा. कीपॅडवर अंगठा घाबरतो तो इथे! मला विचाराल तर पळापळीच्या मोबाइल हॉरर गेम्सपेक्षा हा प्रकार जास्त अंगावर येतो.

तसंही या मालिकेला अडचणीतून भीती काढायची जुनी सवय. 1999 च्या पहिल्या प्लेस्टेशन गेममधलं ते प्रसिद्ध धुकं आठवतं ना? मशीनला लांबचं शहर काढणं झेपत नव्हतं, ते धुक्याने आणि काळोखाने झाकलं, आणि नंतर लोकांना धुक्याशिवाय सायलेंट हिल नकोसाच झाला. फोनवर आवाजाचं तेच, कितीतरी हँडसेटवर संगीत आणि इफेक्ट एकदम वाजायचेच नाहीत, म्हणून मधेमधे नुसती शांतता. हेडफोन लावा, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करा, फोन उभा धरा आणि लोडरच्या सेटिंगमध्ये गेमचा टच बंद करून लोडरचा स्क्रीनवरचा कीपॅड वापरा, मग सांगा मला.

प्रश्न: गेम डिलीट करून परत टाकला तर सेव्ह गेलं. परत मिळेल का?

उत्तर: नाही मिळणार. जावा गेमचं सेव्ह गेमच्याच नावाने एका छोट्या साठ्यात असतं, गेम काढला की तो साठापण पुसला जातो. पुढच्या वेळी काढायच्या आधी लोडरच्या फोल्डरमधला डेटा कॉपी करून ठेवा. आणि खऱ्या जुन्या फोनवर सिमकार्ड टाकून खेळत असाल तर एक लक्षात ठेवा, कुठल्याही हॉरर गेमला एसएमएस पाठवायची गरज नसते, तशी परवानगी मागितली तर नाही म्हणा आणि ती जार काढून टाका, 2006 पासून जावा गेमच्या वेशात महागडे मेसेज पाठवणारे व्हायरस फिरतायत.