मराठी माणसाच्या इंग्रजीत 'व्हाइन' (vine, म्हणजे वेल) आणि 'वाइन' (wine) सारखेच का ऐकू येतात?
कारण मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन. आपला 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण हवा घासत नाही. इंग्रजी 'व्हाइन'मध्ये दात ओठाला टेकतात आणि हवा घासत बाहेर येते. 'वाइन'मध्ये दातांचं कामच नाही, दोन्ही ओठ गोल होतात. लिहिताना आपण 'व्ह' आणि 'व' असा फरक करतो, ही फार चांगली सोय आहे. पण त्यातला 'ह' वाचून बरेच जण 'व'ला नुसता श्वास जोडतात, घर्षण येतच नाही. यात हुशारीचा काही संबंध नाही, कान लहानपणीच आपल्या भाषेला सरावतो. आरशासमोर ही जोडी म्हणून बघा: पहिल्यात दात दिसायला हवेत, दुसऱ्यात ओठांचा चंबू.