वर्डप्रेस साइटवरून जाणारे मेल पोहोचत का नाहीत?

तुमच्या फॉर्मचे आणि पासवर्ड रीसेटचे मेल कधी स्पॅममध्ये जातात, कधी गायबच होतात, असं तुम्ही लिहिलंय. दोष बहुधा फॉर्मचा नाही. वर्डप्रेस मूळ सेटिंगमध्ये सर्व्हरच्या पीएचपी मेल फंक्शनमधून पत्र पाठवतं. शेअर्ड होस्टिंगवर त्याच आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्यावरून) इतर शेकडो साइट्सही मेल टाकत असतात. त्यातल्या एखाद्याने स्पॅम केला की भुर्दंड तुम्हालाही.

म्हणून आधी एखादं एसएमटीपी प्लगइन (साइटचे मेल बाहेरच्या मेल-सेवेतून पाठवणारी जोडणी) टाका आणि ॲमेझॉन एसईएस, ब्रेव्हो यांसारख्या सेवेतून पोर्ट 587 वरून मेल पाठवा.

मग डीएनएसमध्ये, म्हणजे तुमच्या डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत, एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) आणि डीकेआयएमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) नोंदी करा. इथेच बहुतेकांचं चुकतं: नवी सेवा घेतली की लोक एसपीएफची दुसरी ओळ जोडतात. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. नवी सेवा जुन्याच ओळीत घाला. डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सुरुवातीला p=none, म्हणजे ‘काही करू नका, फक्त कळवा’, असं ठेवा, अहवाल पाहा, नंतरच कडक करा. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल प्रत्येक प्रेषकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम मागतं, आणि दिवसाला 5000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे डीमार्कसकट तिन्ही.

आणखी एक, कळकळीने सांगतो: फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये कधीच घालू नका. ‘फ्रॉम’मध्ये याहूचा पत्ता असलेले पण याहूमधून न आलेले मेल नाकारायला याहू 2014 पासून सांगतं. ‘फ्रॉम’मध्ये तुमच्या डोमेनचा पत्ता, पाहुण्याचा ‘रिप्लाय-टू’मध्ये.

शेवटी स्वतःच्या जीमेलवर चाचणीचा मेल पाठवून ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिथे तिन्हींपुढे ‘पास’ दिसायला हवं.