कार्यशाळेचा उपयोग झाला का, हे कसं मोजायचं?

प्रश्न : ठाण्यात नौपाड्यात आमचं मंडळ जोडप्यांसाठी चार रविवारची संवाद-कार्यशाळा घेतं. शेवटच्या दिवशीच्या फॉर्मवर जवळपास सगळे ‘खूप आवडलं’ लिहितात. एवढं पुरे का?

उत्तर : नाही. त्या फॉर्मवरून फार तर वक्ता आणि चहा-नाश्ता कसा होता ते कळतं. लोक येतात तेच भांडण टोकाला गेल्यावर. काही महिन्यांत ते आपोआपही निवळतं आणि श्रेय कार्यशाळेला जातं. म्हणून तुलना हवी. ४० जोडप्यांनी नावं दिली तर चिठ्ठ्या टाकून २० आत्ता घ्या, २० सहा महिन्यांनी. प्रश्नावली मात्र सगळ्यांकडून एकाच वेळी भरून घ्या: सुरुवातीला, संपल्यावर आणि सहाव्या महिन्यात, दुसरी तुकडी बसण्याआधी. नात्यातलं समाधान मोजणारी, मानसशास्त्रज्ञ सुझन हेंड्रिक यांची ७ प्रश्नांची मोजपट्टी (१९८८) पुरते. नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवा आणि नावाऐवजी क्रमांक द्या. शेजारी जोडीदार असला की उत्तरं गोडच येतात.

मध्येच गळालेल्यांनाही हिशेबात धरा, नाहीतर टिकाऊ जोडपीच उरतात. एवढ्या संख्येत फक्त मोठा फरक दिसेल. दोन-तीन वर्षांच्या तुकड्या एकत्र करा. अमेरिकेत ८ ठिकाणी ५,००० हून अधिक अविवाहित जोडप्यांवर चिठ्ठी पद्धतीने अशी चाचणी झाली. तीन वर्षांनी एकत्र राहण्याच्या प्रमाणात एकूण फरक आढळला नाही.

आणि ‘जोडपं टिकलं’ हाच निकष नको. मारहाण होत असेल तर वेगळं होणं हे अपयश नव्हे. तो प्रश्न स्वतंत्रपणे, एकांतात विचारा.