‘पेटंट’ औषधांना पेटंट होते काय?

प्रश्न : इंग्रजी अमदानीतील मासिकांत वनौषधींच्या ‘पेटंट’ औषधांच्या जाहिराती पानोपानी दिसतात. त्यांना खरोखरच सरकारी पेटंट असे काय आणि ती एवढी कशी खपत?

उत्तर : बहुतेकांना नसे. पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते, आणि या औषधांचे सारे भांडवल कृती गुप्त ठेवण्यातच होते. त्यामुळे ‘पेटंट’ म्हणजे ठरावीक नावाने, ठरावीक वेष्टनात विकले जाणारे तयार औषध, एवढाच अर्थ रूढ झाला. जपले जाई ते नाव आणि लेबल, म्हणूनच ‘नकली मालापासून सावध राहा’ ही ओळ त्या जाहिरातींत हमखास भेटते.

खपाचे श्रेय, आमच्या मते, औषधाच्या गुणाइतकेच टपालखात्याला द्यावे लागेल. 1877 मध्ये व्ही. पी. (माल हाती पडताना पैसे भरण्याची टपालाची सोय) सुरू झाल्यावर खेड्यातला माणूस एक कार्ड टाकून मुंबईची बाटली मागवू लागला आणि पैसे पोस्टमनच्या हाती देऊ लागला.

काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी 1893 मध्ये मुंबईत काढलेल्या अमृतांजनाची गोष्ट थोडी निराळी. गाण्याच्या बैठकींत ते हा पिवळा मलम फुकट वाटत. कापूर आणि पुदिन्याच्या सत्त्वाचा गारवा कपाळाला तत्काळ जाणवतो, त्यामुळे श्रोता घरी जाण्याआधीच गिऱ्हाईक होई! पुढे 1908 मध्ये त्यांनी मुंबईतूनच ‘आंध्र पत्रिका’ हे तेलुगू साप्ताहिक सुरू केले.